पाठमोरे काका आणि मोज्यातली डिस्क

पाठमोरे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण वर्कशॉपमध्ये येणाऱ्या निम्म्या लोकांना ते आडनावच वाटायचं, आणि एकाने तर आभाराच्या पाकिटावर तसं लिहूनही पाठवलं होतं. काका पाय बनवायचे. गुडघ्याखालचे, गुडघ्यावरचे, मोठ्यांचे, पोरासोरांचे. नवा पाय तयार झाला की तो स्वतःच्या हाताने चढवायचे, पट्टा आवळायचे आणि म्हणायचे, "चाल." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. आपण समोरच्या आरशापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. ते बघायचे नाहीत. ऐकायचे.

नव्या माणसाला हा अपमानच वाटायचा. माझी आई पहिल्या दिवशी चिडली होती. "अहो, पोरगी चालतेय, बघा तरी!" काका भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कोणी बघतंय म्हटलं की माणूस ऐटीत चालतो, बाई. पाठ फिरवली की खरं चालतो." मग त्यांनी तो पाय उतरवला, सॉकेटच्या आत एका जागी मशीनने जरासं घासलं आणि पुन्हा चढवला. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्याच्या आत जातो ते प्लास्टिकचं कवच. बाकी पाऊल, नळी, स्क्रू हे सगळं विकत मिळतं. सॉकेट मात्र ज्याचं त्याचंच. ते चुकलं तर बाकी सगळं सोन्याचं असलं तरी माणूस घरात बसतो.

माझा पाय लहानपणी गेला. रिव्हर्स घेणारा मालट्रक, एवढंच सांगते. ती कहाणी ऐकून लोक ज्या नजरेने बघतात ती मला सोसवत नाही. मी वाढत होते, त्यामुळे पाय सारखा आखूड पडायचा आणि आम्ही सारखे काकांकडे जायचो. मला प्रत्येक वेळी घाई. बाहेर पोरं खेळत असायची आणि मी आत प्लास्टरच्या धुळीत. म्हणून मी पाय चढवल्या चढवल्या सांगायचे, "मस्त बसलाय काका, अजिबात दुखत नाही." काका ढिम्म. "बसलाय ते मलाही दिसतंय. बसलं म्हणजे झालं असं नाही. चाल." आणि दोन फेऱ्या झाल्या की, "काढ."

एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. "दुखतंय का?" असं त्यांनी कोणाला कधी विचारलं नाही. एकदा मोठी झाल्यावर मी त्यांना त्याबद्दल छेडलं. ते म्हणाले, "विचारलं की लोक खोटं बोलतात. कोणाला घाई असते, कोणाला लाज वाटते. कोणाला वाटतं, म्हाताऱ्याने एवढी मेहनत केली, कशाला नाव ठेवा. पावलाचा आवाज असली भीड ठेवत नाही." मी मनात म्हटलं, हा माणूस बायकोला तरी कधी विचारत असेल का, बाई गं, तुझं काय दुखतंय? पण तोंडाने बोलले नाही. त्यांच्यासमोर माझंसुद्धा तोंड जरा कमी चालतं.

पुढे वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर आला. पायाभोवती एक यंत्र फिरवायचं, आकार पडद्यावर यायचा, तो माउसने हवा तसा दाबायचा, फुगवायचा, आणि मग दुसरं मशीन त्याच आकाराचा ठोकळा कोरून द्यायचं. त्या ठोकळ्यावर तापवलेलं प्लास्टिक चढवलं की सॉकेट तयार. काकांनी आधी नाक मुरडलं. वर्षभरात त्यांना त्याचं असं वेड लागलं की जेवायच्या सुट्टीतही पडद्यावर कोणाचा तरी पाय गोल गोल फिरवत बसलेले दिसायचे. "प्लास्टरचे साचे फुटतात गं. ठेवायला जागा नाही. आता सगळे इथे राहतील," म्हणायचे. मी त्यांना इतकं खूश आधी पाहिलं नव्हतं.

माझा सगळ्यात चांगला पाय त्याच काळातला. तो घालून मी केस कापायचं काम शिकले, लोकांच्या सलूनमध्ये उभी राहिले, मग स्वतःचं छोटं सलून काढलं. एक खुर्ची, एक आरसा, एक मी. माझ्या कामात बसायची सोय नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती दिवसभर फिरायचं असतं.

काका निवृत्त झाले तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले होते. वर्कशॉप नव्या इमारतीत गेलं, नवी यंत्रं आली, आणि जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला. काकांनी साहेबांकडे रीतसर परवानगी मागून त्याच्यातली हार्ड डिस्क काढून घेतली. घरी नेऊन ती एका मोज्यात घातली. पाय घालायच्या आधी आम्ही जो जाड पांढरा मोजा चढवतो, त्यातला एक. ते मुलीकडे राहत, तिथे मागच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर तो मोजा असायचा. आम्ही भेटायला गेलो की एकदा तरी तिकडे मान वर करून म्हणायचे, "तुम्ही सगळे आहात तिथे."

मग माझं सॉकेट तडकलं. चांगलं लांबलचक, वरपासून मध्यापर्यंत. ते नव्या केंद्रात नेऊन दाखवायचं, एवढं साधं काम होतं. पण माझा नवरा टॅक्सी चालवतो, आणि टॅक्सी दुरुस्त करता येते म्हणजे जगातलं सगळं दुरुस्त करता येतं, असा त्याचा समज आहे. मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्याने ते गरम करून, चिमट्यात आवळून, चिकटवून ठेवलं. चीर बुजली आणि सॉकेटचा वरचा भाग वाकडा झाला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नव्या केंद्रात एक तरुण मुलगी होती. हुशार, शांत, कामाला वाघ. तिला सगळे 'नवी' म्हणत, कारण ती यायच्या आधी तिथे बरीच वर्षं कोणी नवं आलंच नव्हतं. नवीने माझं माप घेतलं, सॉकेट बनवलं. त्याने जखम झाली. तिने दुसरं बनवलं. दुसऱ्या जागी जखम झाली. तिचा दोष नव्हता. माझा उरलेला पाय विचित्र आहे. एका बाजूला हाड जवळजवळ कातडीला लागून आणि खाली जुना व्रण. मी उंच स्टुलावर बसून केस कापायला लागले. एका बाजूचे केस बरोबर, दुसऱ्या बाजूचे अंदाजाने. गिऱ्हाइकं भली होती, काही बोलली नाहीत. फक्त यायची कमी झाली.

मला भीती वाटत होती, ती सरळ सांगते. मला कुबड्यांची भीती नव्हती. खुर्ची रिकामी पडेल याची भीती होती. लहानपणापासून मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आले होते, की मी उभी राहू शकते. तेवढंही गेलं तर माझ्याकडे नुसतं फटकळ तोंड उरलं असतं.

नवीच म्हणाली, "ताई, आधीचा आकार मिळाला असता तर मी सरळ तोच कोरला असता. वाकडं झालेलं सॉकेट बघून पूर्ण आकार कळत नाही."

मी आणि नवरा त्याच दिवशी काकांकडे गेलो. सगळं ऐकून ते उठले, फळीवरून मोजा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. हात थरथरत होते, पण चेहरा असा, की जणू इतकी वर्षं ते याच दिवसाची वाट बघत होते. "ही लावायला काहीतरी मधलं लागेल," ते म्हणाले. "ते घेताना ही सोबत न्या. दुकानदाराला दाखवा, विचारा, मग घ्या. माणूस बघितल्याशिवाय मी कधी पाय बनवला नाही."

"हो काका," नवरा म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मोज्यात घातलेली डिस्क घेऊन दुकानात जाऊ? लोक हसतील." त्याने डिस्कला वायर लागते त्या तोंडाचा मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळी अडॅप्टर घेऊन आला. एका टोकाला डिस्क, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, मध्ये वीतभर वायर. डिस्क त्यात अशी चपखल बसली की नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

काहीच झालं नाही. पडद्यावर काही नाही, डिस्कमध्ये हूं की चूं नाही. त्याने काढून पुन्हा लावली. शेजाऱ्यांचा लॅपटॉप आणून लावली. शेवटी हात टेकले आणि हळूच म्हणाला, "मेली बहुतेक. इतकी वर्षं कपाटात पडून."

काकांना हे सांगायला मी एकटी गेले. जिना चढताना पाय दुखत होता. त्यांच्या आयुष्यभराची माणसं त्या मोज्यात होती, आणि ती गेली हे मी सांगायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी डिस्क हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"बसली होती?"

"अगदी घट्ट."

"फिरली का?"

"नाही. आवाजच नाही."

"मग मेली कशावरून?" ते म्हणाले. "जो पाय उचललाच नाही, तो लंगडा आहे की नाही, कसं कळणार?" त्यांनी भिंग काढलं, डिस्कवरची चिठ्ठी बराच वेळ वाचली आणि चपला घातल्या. "तुझ्या नवऱ्याला गाडी काढायला सांग."

दुकान पुलाखाली होतं, टेलिफोन बूथएवढं. आतमध्ये चष्मा लावलेली एक बाई वायरींच्या जंगलात बसली होती. नवऱ्याला बघताच ती म्हणाली, "फोटो घेऊन आलेले तुम्हीच ना? मी विचारलं होतं, डिस्क लहान की मोठी. तुम्ही म्हणालात, नेहमीचीच." नवरा छताकडे बघायला लागला.

काकांनी मोजा काउंटरवर ठेवला आणि त्यातून डिस्क काढली. ती हसली नाही. डिस्क हातात घेऊन तिने चिठ्ठीवर नख ठेवलं. "तोंड दोघींचं सारखंच असतं, म्हणून लोक फसतात. लॅपटॉपमधली लहान डिस्क असते ना, तिला पाच व्होल्ट पुरतात, ते कॉम्प्युटरमधून मिळतात. ही मोठी. हिला फिरायला बारा लागतात. तुमच्या त्या अडॅप्टरमध्ये ते येतच नाहीत. ही मेलेली नाही, उपाशी आहे."

मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती मात्र तेवढ्यावर थांबली नाही. "लावणार कुठल्या कॉम्प्युटरला? त्याला मागे कसलं भोक आहे?" मी नवीला फोन केला, तिने फोटो पाठवला. "एवढी जुनी फाइल त्यांचं सॉफ्टवेअर उघडतं का, विचारलंत?" तेही विचारलं. नवी म्हणाली, उघडतं. मग बाईने भिंतीत लावायच्या वेगळ्या प्लगचा, जाड वायरचा अडॅप्टर काढला आणि म्हणाली, "नेण्याआधी इथेच लावून बघू."

प्लग खोचला, बटण दाबलं. क्षणभर काही नाही, आणि मग डिस्क गुणगुणायला लागली. नवऱ्याने टाळी वाजवली. माझा जीव भांड्यात पडला. काका सवयीने भिंतीकडे वळले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "फिरतेय का?" सगळ्या दुकानाला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "हो काका." ते वळले आणि डिस्कवर तळहात ठेवला. "हां," म्हणाले, "फिरतेय." मला ते जरा खटकलं, पण मी इतकी आनंदात होते की तिथेच सोडून दिलं.

आम्ही सगळं विचारलं होतं. निदान मला तरी तसं वाटलं.

नवीच्या पडद्यावर ती डिस्क उघडली तेव्हा काका खुर्ची ओढून पुढे बसले. नावांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आकार बघून ओळखत होते. "हा टपाल वाटणारा. चढावर राहतो बिचारा. ही शर्यतीत पळायची. याला पाय नको होता, बायकोने धरून आणला, आता बायकोच्या पुढे चालतो." मग माझा आकार आला. आपला पाय असा पडद्यावर फिरताना बघून मला कसंसंच झालं. नवीने तोच आकार कोरायला लावला.

सॉकेट तयार झालं त्या दिवशी काकाही आले. नवीने पाय चढवला. मी उठले, दोन पावलं टाकली आणि कळ थेट कमरेपर्यंत गेली. आधीच्या दोन्हींपेक्षा बरं होतं, खोटं कशाला बोलू. पण माझा पाय नव्हता तो.

नवीने माझं तडकलेलं सॉकेट मागवलं आणि दिव्याखाली धरून आत बोट फिरवत राहिली. वरचा भाग नवऱ्याच्या कृपेने वाकडा होता, पण खालचा शाबूत होता. तिने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. "काका, इथे आतून घासलंय. आणि इथे तापवून बाहेर ढकललंय. हे फाइलमध्ये नाही."

काकांनी सॉकेट हातात घेऊन तिथे अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ते मी नंतर करायचो. चालताना ऐकून. हाताने."

"ते परत कॉम्प्युटरमध्ये घेतलं नव्हतंत?" ती जपून म्हणाली. त्यात टोचणी अजिबात नव्हती.

"पाय झाला की माणूस घरी जायचा," काका म्हणाले. "त्याला कशाला अडवू?" ते पडद्यावरच्या नावांच्या रांगेकडे बघत राहिले. "म्हणजे हे सगळे अर्धवटच आहेत. मला वाटलं होतं, मी सगळ्यांना सांभाळून ठेवलंय."

डिस्क बसते का, फिरते का, उघडते का, हे सगळं आम्ही तपासलं होतं. आतला पाय आणि माझा पाय एकच आहे का, हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं, कारण काकांच्या कामात कमी काही असेल असं आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला त्या डिस्कचाच राग आला.

नवी म्हणाली, "अर्धवट नाहीत काका. शेवटचं थोडं राहिलंय. खालचं मी या सॉकेटवरून घेते. वरचं तुम्ही सांगा, मी घासते."

काका उठले, शर्ट नीट केला. मला म्हणाले, "चाल." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी चालले. त्यांनी मान जराशी वाकडी केली. "टाच उशिरा टेकतेय. बाहेरच्या बाजूला, वरती." नवीने पाय घेतला, घासला, चढवला. मी पुन्हा चालले. "अजून." पुन्हा. मशीनचा आवाज, प्लास्टिकचा वास, पांढरी धूळ, आणि ती पाठ. मला वाटलं, मी पुन्हा लहान आहे आणि बाहेर पोरं खेळतायत. प्रत्येक फेरीला थोडं बरं वाटत होतं. शेवटी ते म्हणाले, "हां. आता बरोबर आहे."

बरोबर नव्हतं. आतल्या बाजूला, हाडाच्या कडेला, प्रत्येक पावलाला सुरी लागावी तसं लागत होतं, आणि मी लंगडत होते. माझं मलाच ऐकू येत होतं. नवीलाही येत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काकांनी मागे बांधलेले हात थरथरत होते. तेव्हा मला दुकानातलं आठवलं, डिस्कवर ठेवलेला तळहात, आणि सगळं कळलं. हात आधीच गेले होते. आता कानही चालले होते.

गप्प बसणं सोपं होतं. "छान आहे काका," म्हणायचं, त्यांना घरी सोडायचं आणि उद्या नवीकडे एकटीने यायचं. लहानपणी हेच तर म्हणायचे मी, दर वेळी. फरक एवढाच, की तेव्हा ते मला पकडायचे. आज मी म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. तो विचार मला सहन झाला नाही.

"काका," मी म्हटलं, "दुखतंय."

पाठ हलली नाही. ते तसेच उभे होते, काम फत्ते झाल्यासारखे.

"काका!" मी ओरडलेच. माझा आवाज फाटला, डोळे वाहायला लागले. "काका, मला दुखतंय!"

ते वळले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग नवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. किती वेळ हे असं चाललंय ते त्यांना कळलं, आणि ते कळताना मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मग ते सावकाश पुढे आले, माझ्या गुडघ्याशी, जमिनीवर, धुळीत बसले आणि मान वर करून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी विचारलं.

"कुठे गं?"

मी वाकले आणि बोट ठेवलं. त्यांनी त्यांचं थरथरतं बोट माझ्या बोटाशेजारी आणून टेकवलं, आणि नवीने पेन्सिलने तिथे खूण केली.